बर्लिनला या, पण लगेच लेखक म्हणून नको

तुमचा बेत असा: पुण्यात सहा वर्षं गेम डिझायनर, आता बर्लिनच्या स्टुडिओची ऑफर, तिथे वर्षभर नोकरी करायची आणि मग राजीनामा देऊन पूर्णवेळ कादंबऱ्या लिहायच्या. जमेल का, असं विचारलंत. जमेल, पण वर्षभरात नाही. मला पाच वर्षं लागली.

आधी कागदांचं बघू. तुम्ही येणार ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या जोरावर मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर. ती सोडलीत की इथे राहण्याचा आधारच डळमळतो. कायमच्या परवान्यासाठी 27 महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते लागतात. जर्मन बी1 पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार जमण्याइतकं, आलं असेल तर 21. म्हणून आल्या आल्या संध्याकाळचा जर्मनचा क्लास लावा, कादंबरी थांबेल. मी उलटं केलं आणि पस्तावलो.

करार नीट वाचा. मी न वाचता सही ठोकली होती. नोकरीच्या काळात सुचलेली पात्रं, कथा, सगळं कंपनीचं, असं त्यात एक कलम होतं. घरी रात्री लिहिलेल्या एका कथेवरून मग कंपनीशी दीड महिना ईमेलवर वादावादी चालली. जोडकामाची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. लिखाणाचे पैसे मिळणार असतील, तर ब्लू कार्डवर असेपर्यंत परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही विचारावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर प्रकाशकाचा अ‍ॅडव्हान्स तुकड्यांत येतो: थोडा सहीला, थोडा हस्तलिखित दिल्यावर, उरलेला पुस्तक बाजारात आल्यावर. त्यावर बर्लिनचं घरभाडं निघत नाही. मी स्वतःला पूर्णवेळ लेखक म्हणवतो खरा, पण महिन्यातले चार-पाच दिवस अजून गेम्सचे संवाद लिहून देतो. मोठा आधार आहे तो क्यून्स्टलरसोत्सियालकासंचा. कलाकार-लेखकांसाठी 1983पासून चालू असलेली ही सोय. आरोग्य विमा आणि पेन्शनचा साधारण अर्धाच हप्ता आपण भरायचा. लिखाणातून वर्षाला किमान 3,900 युरो मिळायला हवेत, पण नवख्यांना पहिली तीन वर्षं ती अट नाही.

आता लिहिण्याबद्दल, कारण खरा घोळ इथेच झाला. गेमचा संवाद एक्सेलच्या एकेका खान्यात मावेल एवढाच लिहायची सवय असल्याने वाक्यं आटोपशीर येतात, तो फायदाच. पण गेममधला नायक आपण मुद्दाम कोरा ठेवतो, त्यात खेळणाऱ्याने शिरायचं असतं. माझ्या पहिल्या हस्तलिखिताची साठ पानं वाचून बायको म्हणाली, "हा नुसता दारं उघडतो आणि भेटेल त्याला प्रश्न विचारतो. ह्याला काही होतच नाही का?" तो पहिलं दार उघडायला का कचरतो, हे शोधण्यात माझे आठ महिने गेले. ती साठ पानं गेली ती गेलीच.

तर ऑफर लेटरनंतर कराराची प्रत येईल, तेव्हा मालकीचं कलम आधी शोधून वाचा. जर्मनमध्ये असेल तर तेवढं पान मला पाठवा, वाचून सांगतो.