‘ही इज अ फ्लर्ट’ ही शिवी आहे का?

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबद्दल ‘ही इज अ फ्लर्ट’ असं तुमच्या कानावर आलं आणि ते कौतुक की तक्रार, असं तुम्ही विचारलंय. शिवी नाही, पण टोमणा नक्कीच.

‘फ्लर्ट’ क्रियापद म्हणून आलं तर तेवढ्यापुरतं वागणं. आधी ‘अ’ लागून नाम झालं, की तो स्वभावच ठरतो: दिसेल तिच्याशी लाडीगोडी, पण गुंतायचं कुणातच नाही. म्हणून ‘यू आर फ्लर्टिंग’ हसत म्हणता येतं, ‘यू आर अ फ्लर्ट’ जरा जपून. बाईला म्हटलं तर ते जास्तच बोचतं.

वापरताना हमखास चुकतं ते ‘विथ’. ‘ही फ्लर्ट्स हर’ चूक, ‘ही फ्लर्ट्स विथ हर’ बरोबर. मराठीतही आपण ‘तिच्याशी’च म्हणतो, तो ‘शी’ सोडायचा नाही. ‘टीज’ला मात्र ‘विथ’ लागत नाही, गोंधळ तिथूनच होतो. माणसांशिवायही हा शब्द चालतो. ‘आय फ्लर्टेड विथ द आयडिया’ म्हणजे विचार मनात घोळवला, पण मनावर घेतला नाही. ‘फ्लर्टिंग विथ डेंजर’ म्हणजे उगाच विषाची परीक्षा.

‘लाइन मारणे’ जवळचं वाटतं, पण ते एकतर्फी. त्याला इंग्रजीत ‘हिट ऑन’ म्हणतात (मारहाणीशी संबंध नाही). फ्लर्टिंगला दोन्ही बाजू लागतात:

‘पुन्हा उशीर? आज कॉफी तुझ्याकडून.’
‘म्हणून तर मुद्दाम उशीर केला.’

इथे चेंडू परत आला. त्याऐवजी नुसतं ‘हं’ किंवा अंगठा आला, तर तिथेच थांबायचं. ‘मी तर फक्त फ्लर्ट करत होतो’ ही सबब पुढे चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार, स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक साधायला एखादा पुरुष वारंवार संपर्क करत राहिला, तर तो पाठलागाचा गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ऑफिसातला प्रकार असेल तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेही तक्रार करता येते, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ही समिती असावीच लागते.