झबल्याची बाही आणि बारावीनंतरची वाट

ताई, नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोठ्या लेकीच्या बाळाचं गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, बाळंतपणात मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं नाही, झबल्याची बाही छातीशी सेफ्टी पिननं टाचून दिली. तेव्हापासून बारावीतली धाकटी ‘प्लास्टर का नाही?’ म्हणून सगळ्यांच्या मागे लागली आहे. तिला रिसर्च करायचाय. तिच्या बाबांचं म्हणणं, मेडिकलची ‘नीट’ परीक्षाच द्यायची, आणि नंबर नाही लागला तर ड्रॉप, म्हणजे एक वर्ष थांबून, भंवरकुआंच्या क्लासला जायचं.

आधी तिच्या प्रश्नाचं बोलू. नवजात बाळाच्या हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठाही भरपूर, म्हणून ते प्लास्टरशिवायही लवकर सांधतं. आठ-दहा दिवसांत मोडल्या जागी बोटाला टणक गाठ लागते. घरचे घाबरतात, पण ती हाड सांधत असल्याची खूण असते. मोठ्या माणसाचं हाड सांधायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. मात्र ‘एवढ्यानं भागतं’ हे छातीठोकपणे सांगता यावं म्हणून कुणीतरी बाळं तपासली, दिवस मोजले, नोंदी ठेवल्या. तुमच्या लेकीला हेच काम खुणावतंय, असं मला वाटतं.

या कामाला फक्त डॉक्टर पुरत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले होते. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2021 मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. कमी वजनाचं बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर 28 दिवसांतले मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले. अशा कामात नर्स लागतात, आकडेवारी सांभाळणारेही लागतात.

म्हणून तिला एवढंच विचारा: बाळाला स्वतः हात लावून उपचार ठरवायचेत का? तसं असेल तर बाबांचं बरोबर आहे, एमबीबीएसला पर्याय नाही. आपलं एमजीएम मेडिकल कॉलेज घरापासून जवळ, आणि शिकता शिकता आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन महिन्यांच्या विद्यार्थी-संशोधन योजनेत अर्जही करता येतो. पण तिचं मन मोजण्यात, पडताळण्यात रमत असेल, तर भोपाळच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेची, प्रवेश परीक्षा द्यावी. बायोलॉजीवाल्यांनाही ती देता येते. किंवा बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून बायोस्टॅटिस्टिक्सकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनातल्या आकडेवारीकडे, वळावं. आपल्या घरांत ही वाट कुणी सुचवत नाही, मला मात्र ती फार मोलाची वाटते. तिथे बारावीचं गणित लागतं, आणि तिनं ते घेतलंय का, हे पत्रात नाही. हाड जोडायच्या प्लेटा-रॉडची कारागिरी आवडत असेल तर एसजीएसआयटीएस या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे, पण तिथेही गणित हवंच.

ड्रॉपचं आत्ता ठरवू नका. पहिल्या प्रयत्नाचे मार्क येऊ द्या.

येत्या रविवारी बाप-लेकीला शेजारी बसवून भारताची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री, म्हणजे माणसांवरच्या उपचार-चाचण्यांची ऑनलाइन नोंदवही, उघडायला सांगा. 2009 पासून देशात ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. नवजात बाळांवरची एखादी ट्रायल काढून दोघांनी मिळून वाचावी: कुणाची कुणाशी तुलना, काय मोजणार, किती दिवस. वाचताना ती कुठे थांबली आणि काय विचारलं, तेवढं मला लिहून पाठवा.