लवकर कालबाह्य होणारी प्रोग्रॅमिंग टूल्स शिकण्यात वेळ वाया जातो का?

नाही, टूल मागे पडलं तरी ते शिकायला दिलेला बराचसा वेळ कामी येतो. वेबवर अ‍ॅनिमेशन आणि गेम्स चालवणाऱ्या फ्लॅशचा सपोर्ट 2020 अखेर बंद झाला, पण त्यातली प्रोग्रॅमिंग भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि आजची वेबपेजची भाषा जावास्क्रिप्ट, दोन्ही एक्मास्क्रिप्ट या एकाच भाषा-मानकावर बेतलेल्या. त्यामुळे फंक्शन, इव्हेंट वगैरे तिथे नीट समजलेल्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला नाही. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहायचो ते साधे सीएसएस सिलेक्टर (पेजवरचे घटक निवडायच्या खुणा) ब्राउझरच्या स्वतःच्या क्वेरीसिलेक्टर फंक्शनमध्ये जसेच्या तसे चालतात. एरर मेसेज शांतपणे वाचून मूळ शोधायची सवय तर सगळीकडेच उपयोगी! मात्र कुठलं बटण कुठल्या मेनूत, कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमधले पर्याय कोणते, हे पाठ करण्यात घालवलेला वेळ खरंच फुकट जातो. ते लागेल तेव्हा डॉक्युमेंटेशनमध्ये बघा आणि वाचलेला वेळ एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला द्या. ती 1970 च्या दशकातली असूनही आज सर्रास लागते.