तारामती ते जोधाबाई

प्रश्न : ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे स्वतः गायल्या होत्या का? पुढे त्यांनी आईच्याच भूमिका का केल्या?

उत्तर : हो, स्वतःच. १९३२ साली पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. अभिनय चालू असतानाच आवाज मुद्रित होई, त्यामुळे सूर घसरला की अख्खा शॉट पुन्हा! त्यात ‘प्रभात’ फिल्म कंपनीने कोल्हापुरात हा बोलपट मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित केला, म्हणजे त्यांच्या भूमिकेचे, राणी तारामतीचे, संवादही दोन्ही भाषांत पाठ हवेत.

‘आईच्याच भूमिका’ हे मात्र अर्धंच खरं. ‘अमरज्योती’तली (१९३६) समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी बघाच. आईच्या भूमिका पुढच्या : ‘मुघल-ए-आझम’मधली सलीमची आई जोधाबाई १९६० ची. ‘बिदाई’तल्या (१९७४) आईने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. फाळके पुरस्कार १९८३ चा.