संडे स्कूलमध्ये बायबलच्या गोष्टी सांगताना मुलं चुळबुळ करतात, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिली ते चौथीची मुलं आहेत, पुस्तकातून वाचून दाखवता आणि पाच मिनिटांत गडबड सुरू होते. मी नगरकडच्या एका चर्चमध्ये 12 वर्षं संडे स्कूल घेते, आमची जुनी मंडळी अजून शब्बाथ शाळाच म्हणतात. माझं पहिलं सांगणं हेच की पुस्तक मिटून ठेवा. वाचताना आपली नजर पानावर असते, मुलांचे चेहरे दिसतच नाहीत, मग ती कधी हरवली ते कळणार कसं. शनिवारी तो भाग तीन-चारदा मोठ्याने वाचा आणि मग भाजी निवडता निवडता घरात कोणाला तरी तोंडी सांगून बघा, जिथे अडखळाल तिथे समजायचं की तेवढा तुकडा आपल्यालाच अजून नीट दिसलेला नाही.

आता यरीहो गावातल्या जक्कयाचीच गोष्ट घ्या, लूकच्या शुभवर्तमानातल्या 19व्या अध्यायातली पहिली 10 वचनं. आपल्या मराठी बायबलमध्ये तो येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर आमच्या आवारातच आहे, म्हणून मी मुलांना सरळ झाडाखाली नेऊन बसवते. (यरीहोतलं उंबर अगदी आपलंच नव्हे पण त्याच जातकुळीतलं, हे मी सांगून टाकते.) एकाला खाली पडलेलं फळ फोडायला लावते, आतून बारीक किडे निघतात, सगळी ईईई करून पुढे सरकतात आणि गोष्ट तिथून सुरू होते. जक्कय जकातदार होता, पण जकातदार म्हणजे काय ते मुलांना माहीत नसतं, तर एवढंच सांगायचं की रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून पैसे घ्यायचा आणि वर जास्तीचे घेऊन स्वतः श्रीमंत व्हायचा, म्हणून गर्दीत त्याला कोणी पुढे येऊ देत नव्हतं असं मी म्हणते. पण हे "म्हणून" माझं आहे. वचनात फक्त तो ठेंगणा होता आणि गर्दीमुळे दिसत नव्हतं एवढंच आहे, आणि आपण घातलेली भर "मला असं वाटतं" म्हणूनच सांगावी, मुलं मोठी होऊन स्वतः वाचणार आहेत.

मग येशू झाडाखाली थांबतो, वर बघतो आणि नावाने हाक मारतो. इथे मी पण वर बघते आणि गप्प बसते, चांगली पाच-सहा सेकंदं. सगळी मुलं माना वर करून फांद्यांत बघतात. एकदा दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, टीचर, त्याला नाव कसं माहीत? मी उत्तर द्यायची घाई केली नाही, मुलंच आपापसात बोलत राहिली आणि माझी तयारी केलेली "यावरून काय शिकलो" ची यादी त्या दिवशी काढावीच लागली नाही, तेव्हापासून मी ती करतच नाही.

दावीद गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडतो ती गोष्ट असेल तर गोफण आणा, शेतकऱ्याच्या घरी मिळते, फक्त दगड न घालता नुसती फिरवून आवाज ऐकवा. येशू पाच भाकरींत मोठ्या जमावाला जेवू घालतो त्या गोष्टीला खरी भाकरी मोडून वाटा. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ती वेदीची गोष्ट मात्र एवढ्या लहानांना मी सांगत नाही, मुलं घाबरतात.

आणि पुढच्या रविवारी आधी मागची गोष्ट एखाद्या मुलाला सांगू द्या, मध्ये चूक काढू नका. आमच्याकडे एकाने सांगितलं होतं की जक्कय इतक्या घाईत उतरला की त्याची चप्पल झाडावरच राहिली.