नव्या लॅपटॉपवर विंडोजसोबत उबुंटू टाकलं तर विंडोज उडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीसाठी नवा लॅपटॉप घेतलाय, त्यात विंडोज ११ होम आहे, ५१२ जीबीची एकच एसएसडी आहे. कॉलेजने प्रॅक्टिकलसाठी उबुंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) लागेल असं सांगितलंय आणि दुकानदार म्हणतोय, 'असलं काही टाकलंत तर विंडोज उडेल, वॉरंटीही जाईल.' मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. अ‍ॅडमिशनं आटोपली की नवे कोरे लॅपटॉप घेऊन पोरं हेच विचारत दारात उभी असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वॉरंटीचं आधी उरकून टाकू. ती मुख्यतः हार्डवेअरची असते. स्क्रीनवर रेषा आल्या किंवा की-बोर्ड बंद पडला, तर डिस्कवर उबुंटू आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. शंका असेल तर वॉरंटीचं कार्ड वाचा, दुकानदाराला विचारू नका.

विंडोज उडण्याची भीती मात्र अगदीच पोकळ नाही. पण जिथे घोळ होतो तिथे तो बहुधा विंडोजची बाजू न आवरता उबुंटूचा पेनड्राइव्ह लावल्यामुळे होतो. उबुंटू टाकणं हे अर्ध्या तासाचं काम. त्याआधीची तयारी विंडोजमध्येच करायची आहे आणि ती निवांत, सुट्टीच्या दिवशी करा.

पहिली गोष्ट एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिलं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपसूक चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. कुणी विचारत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही नसतो. सी ड्राइव्हला कुलूप लागलेलं असतं आणि किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम चिपकडे असते. तुम्ही बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी) बंद केलंत किंवा सुरू होण्याची पद्धत बदललीत, की चिपला छेडछाडीचा संशय येतो, ती किल्ली देत नाही आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं त्यात साठवलेली असते. आता बघा, लॅपटॉप दुकानातच 'चालू करून' मिळाला असेल, तर ते अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडलंय? पासवर्ड तुमच्याकडे आहे का? हे आज तपासा. दुकानदाराने स्वतःचाच काहीतरी ईमेल टाकून दिलेली मशिन्स दरवर्षी समोर येतात.

अकाउंट मुलीचंच आहे याची खात्री झाली की त्यात लॉगिन करून रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे, ते बंद करा. डिस्क उलगडायला थोडा वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत पुढे सरकू नका. कुलूप नसल्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं सगळं चोराला वाचता येईल, ही किंमत आहेच. नंतर ते परत चालू करता येतं, पण मग अधूनमधून ती की मागितली जाण्याची तयारी ठेवावी लागते. होस्टेलवर राहणार असेल तर मी परत चालू करा म्हणेन. वही तेवढी घरी ठेवा.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. विंडोज 'शट डाउन' म्हटल्यावर पूर्ण बंद होत नाही. स्वतःची बरीचशी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. गाढ न झोपता एक डोळा उघडा ठेवून पडलेल्या माणसाच्या खिशात हात घालावा तसं मग उबुंटूचं होतं: सी ड्राइव्ह एकतर उघडत नाही किंवा फक्त वाचायला मिळतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडी असल्यामुळे विंडोज सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

हे करता करता विंडोजचे सगळे अपडेट, कंपनीच्या साइटवर असेल तर बायोसचा अपडेट, आणि लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर त्याचं अ‍ॅक्टिव्हेशन उरकून घ्या. विंडोजच्या परवान्याची काळजी नको. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असतो.

आता जागा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. ती तुमची फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. उबुंटूला १०० जीबी द्या, अभ्यासाला भरपूर होतात. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. तिथल्या चौकटीत आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे १०० जीबीसाठी १०२४००. पोरं तिथे नुसतं १०० लिहितात आणि मग जागा कुठे गेली म्हणून शोधत बसतात. डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा द्यायला तयार झालं, तर न हलणाऱ्या सिस्टिम फाइल्स मध्ये अडकल्यात असं समजा. हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' अशी दिसेल. तिला तशीच सोडा, फॉरमॅट करू नका, ड्राइव्हचं नाव देऊ नका. आणि शेजारी दिसणारी छोटी पार्टिशनं (डिस्कचे वेगळे भाग), शंभर-दोनशे एमबीचं ईएफआय आणि रिकव्हरीचं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्स त्या ईएफआय पार्टिशनमध्ये शेजारीशेजारी नांदणार आहेत.

उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या, २०२९ पर्यंत त्याला नेहमीचे अपडेट आहेत. फाइल सुमारे ६ जीबीची आहे, तेव्हा ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि रूफस या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरने तो तयार करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. मला विचाराल तर विंडोजच्या सवयीच्या माणसाला लिनक्स मिंट जास्त सोपं जातं, आणि ते उबुंटूवरच बेतलेलं असल्याने आज्ञाही त्याच चालतात. पण कॉलेजच्या मॅन्युअलमधली चित्रं उबुंटूची असतील, तर पहिल्या वर्षाच्या मुलीला उगाच गोंधळात कशाला टाकायचं?

पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची की कंपनीनुसार बदलते. डेल आणि लेनोव्होत एफ१२, एचपीत एफ९, असुसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ मेनू आधी एफ२ दाबून बायोसमधून चालू करावा लागतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, उबुंटूचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या सहीनेच येतं. जुने व्हिडिओ 'पहिलं काम सिक्युअर बूट बंद करा' सांगतात, ते सोडून द्या.

सुरू झाल्यावर लगेच इन्स्टॉल दाबू नका. 'ट्राय उबुंटू' निवडा आणि लॅपटॉप पारखून घ्या: वाय-फाय लागतं का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, आवाज येतो का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का. अगदी नव्या मॉडेलमध्ये वाय-फाय कार्ड ओळखलं जात नाही, असं होतं. तेव्हा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं आणि अपडेट घेतल्यावर बऱ्याचदा कार्डही जागं होतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत) चालू असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज सुरूच होत नाही, निळा पडदा येतो. दुकानदाराने पाहिलेलं 'उडणं' बहुधा हेच असावं. त्यावर रीत अशी: आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (सुरू होण्याच्या सेटिंगचं विंडोजमधलंच टूल) उघडून सेफ बूटवर खूण करा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय (डिस्क हाताळण्याची नेहमीची पद्धत) करा किंवा व्हीएमडी बंद करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग खूण काढून पुन्हा रिस्टार्ट. विंडोज नवा ड्रायव्हर स्वतः उचलतं.

इन्स्टॉल करताना 'अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर' हा पर्याय येतो, तो निवडा. 'इरेज डिस्क' हाही तिथेच असतो आणि तो नावाप्रमाणे सगळी डिस्क पुसतो. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन लागत नाही. एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर ड्रायव्हर टाकताना काही वेळा एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो, वर 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट', आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी. त्या दहा सेकंदांत कुठलीही की दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात तर पडदा निघून जातो, ड्रायव्हर चालत नाही आणि कारण कळत नाही.

यानंतर लॅपटॉप चालू केला की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा, मेनू येतो. त्यात विंडोज दिसलं नाही तरी ते जागेवरच आहे, पेनड्राइव्हसाठी वापरलेल्याच मेनूतून (एफ१२, एफ९ वगैरे) उघडून बघा. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून ग्रब अपडेट केलं की नाव येतं. उलटही घडतं: विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच उघडायला लागतो. तेव्हा बायोसमध्ये उबुंटूला पुन्हा वरचा क्रमांक द्या, नव्याने काही टाकायचं नाही. ऑगस्ट २०२४ मधला विंडोज अपडेट मात्र खरोखर त्रासदायक निघाला होता. त्याने जुन्या बूटलोडरना (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या ग्रबसारख्या सॉफ्टवेअरना) नकार दिला आणि अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. म्हणून उबुंटूचे अपडेटही तुंबवून ठेवू नका.

आणखी एक गंमत दिसेल. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलात की सकाळी दहा वाजता घड्याळात साडेचार वाजलेले असतील. उबुंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती भारतीय वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की दोघांचं जमतं. मराठी टायपिंगसाठी की-बोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे, विंडोजमध्येही तोच मिळतो, म्हणजे बोटांना दोन सवयी लावायला नकोत.

एक विचारून घ्या मात्र. प्रॅक्टिकल फक्त सी प्रोग्रॅम आणि शेल स्क्रिप्टपुरती असतील, तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरेल आणि वरचा सगळा खटाटोप वाचेल. सरांनी 'उबुंटूच हवं' म्हटलं असेल, किंवा मुलीला खरंच लिनक्स शिकायचं असेल, तर ड्युअल बूटच (वर सांगितल्यासारख्या दोन्ही सिस्टिम शेजारीशेजारी) करा.

पुढेमागे उबुंटू नकोसं झालं तर नुसतं त्याचं पार्टिशन पुसू नका, ग्रब मागे उरतो आणि काळ्या पडद्यावर अडकून बसतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिला क्रमांक द्या, विंडोज नीट उघडतं ते बघा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन काढून सी ड्राइव्ह 'एक्स्टेंड' करा.