बंदराच्या शहरात एकच जहाज बघायचं तर कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की युरोपातल्या एखाद्या बंदराच्या शहरात तीनेक दिवस काढता येतील, जुनी जहाजं आणि सागरी संग्रहालयं बघायची हौस आहे, पण मागच्या वेळी काचेच्या पेट्यांतल्या प्रतिकृती बघून दहा वर्षांचा मुलगा पार कंटाळला. शिवाय यंदा आईही बरोबर आहेत आणि त्यांना जिने झेपत नाहीत. मग शहर कोणतं धरावं आणि काय सोडावं?

सोडण्यापासून सुरुवात करतो. यादी करू नका. एक खरंखुरं जहाज निवडा, त्याला अख्खी सकाळ द्या. प्रतिकृतींचं दालन दुपारी, तेही पायांत आणि उत्साहात दम उरला असेल तर. मुलाचं काही चुकलं नाही. जहाजाच्या पोटात कधी पाऊल टाकलं नाही अशा पोराला आधी हातभर लांबीची शंभर जहाजं दाखवणं म्हणजे गाव न बघता गावाचा नकाशा पाठ करायला लावणं. तोच मुलगा तोफांच्या डेकवर वाकून चालून आला, की पेटीतल्या जहाजात ती जागा आपणहून शोधायला लागतो.

मी मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली आहे. त्यामुळे ब्रिजपेक्षा, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीपेक्षा, मला जहाजाचं तळ जास्त प्यारं. हा पक्षपात धरून पुढचं वाचा.

स्टॉकहोम जमत असेल तर प्रश्नच मिटला. वासा ही स्वीडनच्या राजाची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच आडवी होऊन बुडाली. सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. एप्रिल १९६१ मध्ये ती पाण्याबाहेर काढली, आणि आज समोर उभी आहे त्यातलं बहुतेक सगळं लाकूड मूळचं आहे. टिकलं कसं? समुद्रात लाकडाचा भुगा करणारा एक जीव असतो. त्याला किडा म्हणतात, पण जात शिंपल्याची. इथल्या बाल्टिक समुद्राचं पाणी त्याला जगायला पुरेसं खारट नाही, म्हणून वासा वाचली. वर काढल्यावर लाकूड वाळून तडकू नये म्हणून १७ वर्षं तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाची फवारणी चालू होती.

तिथे सगळे आधी मागच्या बाजूचं कोरीवकाम बघायला धावतात. तुम्ही नौकेच्या कुशीला उभे राहा आणि तोफांच्या झडपांच्या दोन रांगा बघा. खालची रांग पाण्यापासून किती जवळ असेल याचा अंदाज मुलाला करू द्या. वर ६४ तोफांचं आणि उंच बांधणीचं वजन, आणि तळाशी ते तोलून धरायला दगड भरायची जागा अपुरी. वाऱ्याचा झोत आला, नौका कलली आणि खालच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं. याची कल्पना लोकांना आधी नव्हती असंही नाही. निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून बघितलं होतं. तीन फेऱ्यांतच नौका इतकी डोलायला लागली की चाचणी थांबवली. तरी नौका सफरीवर धाडलीच. जहाजावर काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट ऐकून नवल वाटत नाही. वरून तारीख ठरलेली असते.

दुसरी एक गंमत. नौकेवर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, त्यात १२ इंच. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, त्यात ११ इंच. म्हणजे एकाच नौकेवर दोन गटांचे इंच वेगळे. नौकेच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, त्याचा उलगडा इथे बराचसा होतो. हे मुलाला सांगाच, कारण फूटपट्टी त्याच्याही दप्तरात आहे. वासावर चढू देत नाहीत, सभोवतालच्या मजल्यांवरूनच बघायची असते. आत मुद्दाम अंधूक प्रकाश आणि गारवा ठेवलेला असतो, तेव्हा आईंसाठी शाल जवळ असू द्या.

लंडन ठरत असेल तर ग्रिनिच. इथे कटी सार्क हे चहा वाहणारं शिडाचं जहाज कोरड्यात ठेवलंय, आणि सुमारे तीन मीटर उचलून धरलंय. त्यामुळे तुम्ही त्याच्या बुडाखाली जाऊन उभे राहू शकता. जहाजाची खरी अक्कल पाण्याखालच्या भागात असते आणि तो भाग कधी दिसत नाही, म्हणून ही संधी सोडू नका. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर पितळी पत्रा, म्हणजे शेवाळ आणि शिंपले धरत नाहीत आणि वेग मरत नाही. जहाज पाण्यात उतरलं २२ नोव्हेंबर १८६९ ला. त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा खुला झाला होता. वाफेच्या बोटींना चीनचा रस्ता एकदम जवळ झाला. शिडाच्या जहाजांना कालव्याचा उपयोग नव्हता. चहाची शर्यत अशी हातातून गेली. नाव झालं ते पुढे ऑस्ट्रेलियातून लोकर आणताना. २००७ मध्ये जहाजाला मोठी आग लागली, पण दुरुस्तीसाठी डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या आधीच काढून ठेवल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. २०१२ पासून परत बघता येतं.

तिथून टेकडीवरच्या वेधशाळेत जायचं ते दुपारी एकच्या आत. इमारतीच्या माथ्यावर एक लाल गोळा आहे. १२ वाजून ५५ मिनिटांनी तो काठीवर अर्ध्यापर्यंत चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. १८३३ पासूनची ही पद्धत. थेम्समध्ये नांगर टाकून बसलेले कप्तान दुर्बिणीतून हा गोळा बघत आणि जहाजावरचं घड्याळ लावून घेत. घड्याळ चुकलं की रेखांश चुकला, आणि विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे सुमारे दोन किलोमीटरची चूक. वारा फार असेल तर गोळा चढवत नाहीत, त्या दिवशी नशीब. मात्र याच वेधशाळेत जॉन हॅरिसनने रेखांशाच्या प्रश्नासाठी केलेली घड्याळं आहेत. त्याची पहिली तीन अवजड यंत्रं आणि नंतरचं तळहातावर मावणारं चौथं, ही एका ओळीत बघितली की एका माणसाची अख्खी हयात कशात गेली ते कळतं. टेकडीखालच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एवढंच करा: ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा ट्रफाल्गरच्या सागरी लढाईतला कोट शोधा आणि डाव्या खांद्यावरचं गोळीचं भोक बघून बाहेर पडा. बाकीचं राहिलं तरी चालेल.

आता माझा लाडका विषय. इंजिन बघायचं असेल तर जर्मनीतल्या हँबुर्गची कॅप सान दिएगो. १९६१ चं मालवाहू जहाज, कंटेनर येण्याच्या आधीच्या काळातलं. तेव्हा माल पोत्यांत, पेट्यांत, पिंपांत यायचा, जहाजावरच्या क्रेनने खणात उतरायचा आणि माणसं तो हाताने रचायची. बंदरात आठवडा आठवडा मुक्काम असे. आज जहाज तासांत रिकामं होतं आणि खलाशाला शहर दिसतही नाही. १९८६ मध्ये ती भंगारात निघाली होती, शहराने विकत घेतली म्हणून वाचली. आजही वर्षातून काही वेळा स्वतःच्या इंजिनावर नदीत फिरून येते. म्हणजेच इंजिन रूममध्ये जो तेलाचा वास येतो तो खरा. खाली उतरलात की एक करा. मुख्य इंजिनाच्या माथ्यावर उभं राहून खाली बघा, मग तळाला जाऊन वर बघा. तीन मजली घराएवढ्या यंत्रावर फक्त लोखंडी जाळीच्या वाटा आहेत, आणि समुद्र खवळला की त्याच जाळीवर उभं राहून स्पॅनर चालवायचा असतो. मी ब्रिजवर दोन मिनिटं काढतो, तिथे फोटोच काढायचा असतो. खाली तास जातो.

शेजारीच रिकमर रिकमर्स हे १८९६ चं शिडाचं जहाज उभं आहे. एकाच सकाळी दोन्ही बघितली की शीड आणि डिझेल यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. याच धक्क्यावरून ६२ क्रमांकाची फेरीबोट सुटते. शहराच्या बस-रेल्वेचं तिकीटच तिला चालतं, तेव्हा बंदर बघायला वेगळी महागडी सहल घेण्याचं कारण नाही. आईंना वरच्या डेकवर बसवा आणि जाऊन येऊन बंदर दाखवा. जवळच नदीखालून जाणारा १९११ चा जुना बोगदा आहे. खाली न्यायला लिफ्ट आहे, पलीकडून शहराचा देखावा छान दिसतो. इथलं आंतरराष्ट्रीय सागरी संग्रहालय १८७९ च्या जुन्या गोदामात आहे आणि मजल्यांमागून मजले प्रतिकृतींनी भरलेलं आहे. तुमच्या मुलासाठी तो सापळा आहे. एक मजला, फार तर दोन.

पाणबुडीचं नाव काढलं की मुलं हट्ट धरतात. हँबुर्गला एक जुनी सोव्हिएत पाणबुडी आहे, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या खाडीपलीकडे गॉस्पोर्टला ब्रिटिश नौदलाची अलायन्स आहे. आत जाण्याआधी इतकं लक्षात घ्या, की एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं ते अरुंद झडपेतून, वाकून पाय टाकत, आणि मागे रांग लागलेली असताना परत फिरता येत नाही. बंद जागेत घुसमट होते त्याने बाहेर थांबावं. यात कमीपणा नाही, आमच्या धंद्यातली कित्येक माणसं पाणबुडीत पाय ठेवत नाहीत.

जिन्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण ती आहे. जहाजावर ज्याला जिना म्हणतात ती शिडीच असते, जवळपास उभी. उतरताना तोंड नेहमी शिडीकडे, दोन्ही हात कठड्यावर. फोन खिशात, पाठीवरची पिशवी खाली ठेवून द्यायची. दारांना वीतभर उंचीचे लोखंडी उंबरे असतात, पाणी एका खोलीतून दुसरीत जाऊ नये म्हणून. त्यांना अडखळून नडगी फुटते. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. लंडनमधली एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका मला फार आवडते (तिच्या पुढच्या तोफा सुमारे २० किलोमीटरवरच्या महामार्गालगतच्या एका थांब्यावर रोखलेल्या आहेत, पल्ला लोकांना कळावा म्हणून), पण नऊ डेक आणि प्रत्येक ठिकाणी शिडी. आईंना घेऊन तिथे जाऊ नका. कटी सार्कला मात्र लिफ्ट आहे. वासाच्या संग्रहालयातही आहे, आणि जहाजावर चढायचंच नसल्यामुळे तिथे त्यांचं काही चुकत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला एसएस ग्रेट ब्रिटन हे ब्रुनेल या इंजिनिअरचं १८४३ चं लोखंडी जहाज सुक्या गोदीत आहे. पाण्याच्या रेषेवर काचेचं छत करून त्यावर पाण्याचा पातळ थर सोडलाय, आणि काचेखाली यंत्रांनी हवा कोरडी ठेवली जाते, नाहीतर गंज त्या पत्र्याला खाऊन टाकेल. वरून जहाज तरंगतंय असं वाटतं, खाली उतरून प्रोपेलरपर्यंत जाता येतं.

तिघांनाही एकाच दिवशी पुरेल असं ठिकाण विचाराल तर मी पोर्ट्समथ म्हणेन. लंडनहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता, आणि हार्बर स्टेशनच्या बाहेरच जुनी गोदी आहे. नेल्सनची युद्धनौका व्हिक्टरी तिथेच आहे, पण तिच्या मोठ्या दुरुस्तीचं काम अनेक वर्षांचं आहे आणि तिच्याभोवती मचाण आणि आच्छादन आहे, तेव्हा चित्रातलं रूप मनात धरून जाऊ नका. तुम्ही मेरी रोझ धरा. १९ जुलै १५४५ ला राजा आठव्या हेन्रीच्या डोळ्यांदेखत बुडालेली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये वर काढलेली ही नौका अर्धीच उरली आहे. उभी चिरल्यासारखी उरल्यामुळे तिचे सगळे मजले एकदम दिसतात, आणि समोरच्या बाजूला त्याच मजल्यांवर काय सापडलं ते मांडलेलं आहे. १९,००० हून जास्त वस्तू निघाल्या. उवा काढायच्या फण्या निघाल्या, वैद्याची औषधांची पेटी निघाली. सुताराच्या खोलीच्या दाराजवळ एका छोट्या कुत्र्याचा सांगाडा मिळाला, त्याचं नाव आता हॅच ठेवलंय. मजल्यांमध्ये लिफ्ट आहे. दुपारी मुलाला वॉरियरवर न्या, १८६० ची लोखंडी युद्धनौका आहे आणि तिथे मनसोक्त शिड्या चढता येतात. तेवढा वेळ आई गोदीत निवांत बसतील. गोदी मोठी आहे, अंतरं पायी कापावी लागतात, तेव्हा व्हीलचेअर मिळेल का ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा.